आचारसमितीचा पहिला अहवाल व नांदेडचे शंकरराव चव्हाण

एखाद्या लोकप्रतिनिधीनें वरिष्ठ सभागृहांत काय कार्य केलें, हें ठरवितांना त्याच्या भाषणांचीं पानें मोजण्याचा प्रघात पडला आहे. इतिहासाच्या अभ्यासकास हें माप पुरेसें वाटूं नये. बखर आणि महजर हीं दोन्ही इतिहासाचीं साधनेंच. परंतु बखरींत लिहिणाराचें मन दिसतें, तर महजरानें सारें गोत बांधलें जातें. संसदेच्या दप्तरांतहि हाच भेद आहे. भाषण हें बहुधा त्या दिवसापुरतें असतें. सभागृहानें मान्य केलेला अहवाल मात्र पुढें येणाऱ्या सभासदांवरहि चालतो. या कसोटीनें पाहतां, नांदेडचे कै. शंकरराव भावराव चव्हाण यांची राज्यसभेंतील टिकाऊ कामगिरी त्यांच्या मंत्रिपदाच्या काळांतील उत्तरांत नसून १९९७ नंतरच्या एका समितीच्या कागदांत आहे, असें आमचें मत आहे. तें मांडण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजीं पैठण येथें झाला. कायद्याचें शिक्षण त्यांनीं उस्मानिया विद्यापीठांत घेतलें व स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद मुक्तिसंग्रामांत भाग घेतला. ज्या संस्थानांत ते वाढले, तेथें प्रजेला जबाबदार असें मंत्रिमंडळ नव्हतें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपल्यानंतरच तो मार्ग मराठवाड्यास मोकळा झाला. पुढें नांदेडचें नगराध्यक्षपद, मुंबई राज्याचें उपमंत्रिपद, महाराष्ट्राचें पाटबंधारे खातें आणि १९७५ ते १९७७ व १९८६ ते १९८८ असें दोन वेळां मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आलें. शिस्तीच्या आग्रहामुळें लोक त्यांस ‘हेडमास्तर’ म्हणत. १९८८ सालीं केंद्रीय अर्थमंत्री असतां ते राज्यसभेवर गेले, आणि २००२ पर्यंत त्यांचा त्या सभागृहाशीं संबंध राहिला.

जून १९९१ मध्यें ते गृहमंत्री झाले व जुलै १९९१ पासून एप्रिल १९९६ पर्यंत राज्यसभेचे सभागृहनेते होते. पंतप्रधान या सभागृहाचे सभासद नसतील तर त्यांनीं नेमलेल्या मंत्र्याकडे हें पद जातें. काळ कठीण होता. ६ डिसेंबर १९९२ रोजीं अयोध्येंतील बाबरी मशीद पाडली गेली. त्याच दिवशीं उत्तर प्रदेशांत, व १५ डिसेंबर रोजीं मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेश या राज्यांत राष्ट्रपति-राजवट जाहीर झाली. अर्थविषयक विधेयकांत राज्यसभेचा अधिकार दुय्यम असला, तरी अशा उद्घोषणेस दोन्ही सभागृहांची संमति लागते. वेळेवर हस्तक्षेप कां झाला नाहीं, हा आक्षेपहि गृहखात्याकडेच आला. परंतु मंत्र्याचें उत्तर हें सरकारचें उत्तर असतें. त्यास मंत्रिमंडळाच्या सामुदायिक जबाबदारीचें बंधन असतें. त्यावरून व्यक्तीचें मत काढूं जाणें म्हणजे पेशव्यांच्या हुकुमावरून कारकुनाचा स्वभाव ठरविण्यासारखें आहे.

याच काळांतील एक कागद हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष उद्बोधक वाटेल. १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत बाँबस्फोट झाले. त्यानंतर ९ जुलै १९९३ रोजीं केंद्रीय गृहसचिव एन्. एन्. व्होरा यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. गुन्हेगारी टोळ्या, राजकारणी व सरकारी अधिकारी यांच्या लागेबांध्यांचा शोध घेणें हें तिचें काम होतें. ५ ऑक्टोबर १९९३ च्या तिच्या अहवालाच्या अवघ्या तीन प्रति करण्यांत आल्या: एक गृहमंत्री चव्हाण यांस, दुसरी अंतर्गत सुरक्षेच्या राज्यमंत्र्यांस, तिसरी स्वतः व्होरा यांजपाशीं. जवळजवळ दोन वर्षें तो बाहेर आला नाहीं. ऑगस्ट १९९५ मध्यें संसदेपुढें जो मजकूर ठेवण्यांत आला तोहि त्रोटक होता. ज्यांच्या दप्तरांत तो अहवाल पडून राहिला, त्यांच्यावरील हा आक्षेप आम्हांस झांकावयाचा नाहीं. उलट पुढील प्रकरणाचें महत्त्व त्यामुळेंच वाढतें.

४ मार्च १९९७ रोजीं राज्यसभेचे सभापति के. आर. नारायणन् यांनीं सभागृहाची आचारसमिति स्थापिली व तिचें अध्यक्षपद चव्हाण यांजकडे दिलें. त्या वेळीं ते मंत्री नव्हते. सभासदांच्या नैतिक वर्तनावर देखरेख ठेवणें, त्यांच्यासाठीं आचारसंहिता तयार करणें व तिच्या भंगाचीं प्रकरणें तपासणें असें तिचें कार्य होतें. लोकसभेंत तेव्हां अशी समिति नव्हती; तेथें ती २००० सालीं आली. गोताचा निवाडा गोतानेंच करावा, ही आपल्याकडील गोतसभांची जुनी रीत. येथें ती नव्या स्वरूपांत दिसते.

समितीचें काम चालू असतांच न्यायालयाचा एक महत्त्वाचा निर्णय झाला. २८ जुलै १९९३ रोजीं लोकसभेंत नरसिंह राव सरकारवरील अविश्वासाचा ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनीं फेटाळला गेला होता. त्या वेळीं झारखंड मुक्ति मोर्चाच्या कांहीं सभासदांनीं मतासाठीं पैसे घेतल्याचा आरोप पुढें खटल्याचा विषय झाला. १७ एप्रिल १९९८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानें असा निर्णय दिला कीं, लांच घेऊन सभागृहांत मत देणाऱ्या सभासदास घटनेच्या १०५ व्या कलमाचें संरक्षण आहे. म्हणजे फौजदारी कायद्याचा हात तेथें पोंचत नव्हता. उरला तो सभागृहाचा स्वतःचा अधिकार.

८ डिसेंबर १९९८ रोजीं समितीचा पहिला अहवाल सादर झाला व १५ डिसेंबर १९९९ रोजीं सभागृहानें तो मान्य केला. राजकारणांत शिरलेल्या गुन्हेगारीचा विचार त्यांत आहेच. परंतु त्याचा गाभा म्हणजे आचारसंहिता. खाजगी हित व लोकांनीं टाकलेला विश्वास यांत विरोध आल्यास सभासदानें खाजगी हितास गौण स्थान द्यावें. मत देण्याबद्दल वा न देण्याबद्दल, विधेयक वा ठराव मांडण्याबद्दल, प्रश्न विचारण्याबद्दल वा न विचारण्याबद्दल कोणताहि मोबदला घेऊं नये. कर्तव्यांत बाध येईल अशी भेट स्वीकारूं नये. सभासदांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवण्याची योजनाहि याच समितीच्या कार्यांतून पुढें आली. ज्या सरकारावर मतें विकत घेतल्याचा आरोप आला त्याच सरकारांत गृहमंत्री राहिलेल्या गृहस्थाच्या अध्यक्षतेखालीं हीं कलमें तयार झालीं, ही गोष्ट इतिहासलेखकानें गाळूं नये.

हे नियम केवळ उपदेशपर आहेत, असा आक्षेप घेण्यांत येतो. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल १९५१ सालीं हंगामी संसदेंतील सभासद एच्. जी. मुद्गल यांजविरुद्ध कारवाई झाली, तेव्हां अशी लेखी संहिता नव्हती. ती असल्यानें काय अधिक झालें, असें विचारणारे विचारतील. त्याचें उत्तर २००५ सालच्या घटनांत आहे. चव्हाण २६ फेब्रुवारी २००४ रोजीं निवर्तले होते. प्रश्नांसाठीं पैसे घेतल्याचें प्रकरण डिसेंबर २००५ मध्यें उघडकीस आलें, तेव्हां लोकसभेस खास चौकशीसमिति नेमावी लागली. राज्यसभेची समिति मात्र आधींच उभी होती. तिच्या चौकशीनंतर २३ डिसेंबर रोजीं एका सभासदास काढून टाकण्यांत आलें, आणि १० जानेवारी २००७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें संसदेचा हा अधिकार मान्य केला. १९९८ चा निर्णय सात न्यायाधीशांच्या पीठानें ४ मार्च २०२४ रोजीं फिरविला; समितीच्या स्थापनेस त्या दिवशीं बरोबर २७ वर्षें झालीं होतीं.

या संदर्भांत लातूरकडेहि पाहिलें पाहिजे. चव्हाण राज्यसभेचे नेते असतां लोकसभेचे अध्यक्ष चाकूरचे शिवराज पाटील होते. त्यांच्याच कारकीर्दींत १९९३ सालीं खात्यांशीं निगडित अशा १७ स्थायी समित्या सुरू झाल्या व त्यांत दोन्ही सभागृहांचे सभासद एकत्र बसूं लागले. दोघेहि उस्मानिया विद्यापीठांत शिकलेले, आणि दोघांचाहि ठसा भाषणांपेक्षां समित्यांच्या रचनेवर अधिक उमटला आहे.

राज्यसभेचीं वृत्तें छापील व आतां संगणकावरहि उपलब्ध आहेत. पण सभापतींनीं वगळलेले शब्द त्यांत मिळत नाहींत, आणि समितीच्या बंद दाराआडील चर्चा तर नाहींच. ती उणीव भरून निघावयाची तर खाजगी पत्रें, टिपणें व दुरुस्त्या केलेले मसुदे यांवरूनच. नांदेड व लातूरकडील जुन्या कार्यकर्त्यांच्या घरीं असे कागद असल्यास ते रद्दींत जाण्यापूर्वीं संग्राहकांनीं त्यांची नोंद करावी. सनदा व महजर यांच्यासाठीं आपण जी दगदग सोसतों, तीच या कागदांसाठींहि सोसली पाहिजे.