मंद्र स्वराचे स्वातंत्र्य : थीआ मसग्रेव्ह यांचा बेस क्लॅरिनेट कन्चेर्टो

मायरबेअरच्या ‘ले युगनो’ (१८३६) या संगीतिकेत बेस क्लॅरिनेटला एकलवादनाचा मान लाभला. १८३८ मध्ये अडॉल्फ साक्सने त्याच्या सुधारित रचनेचे एकस्व घेतले. तथापि पुढे शतकाहून अधिक काळ या वाद्याकडे प्रामुख्याने वाद्यवृंदाला गडद रंग पुरविण्याचेच काम राहिले. १९५५ मध्ये ब्रनो येथे योसेफ होराक यांनी त्याचे स्वतंत्र वादन सादर केले, तेव्हा एकलवाद्य म्हणून त्याचा मार्ग मोकळा झाला.

स्कॉटलंडमध्ये १९२८ साली जन्मलेल्या व पॅरिसमध्ये नादिया बूलांझे यांच्या हाताखाली शिकलेल्या थीआ मसग्रेव्ह यांनी १९९३ मध्ये ‘ऑटम सोनाटा’ रचला. नाव सोनाटाचे असले, तरी रूप बेस क्लॅरिनेट व वाद्यवृंद यांच्या कन्चेर्टोचे आहे. १९६८ च्या क्लॅरिनेट कन्चेर्टोत त्यांनी एकलवादकाला वाद्यवृंदातून संचार करावयास लावले होते. ‘ऑटम सोनाटा’ला प्रेरणा मिळाली ती गेओर्ग ट्राक्ल या ऑस्ट्रियन कवीच्या कवितांची. ग्रोडेकच्या युद्धातील जखमींच्या यातना पाहिलेला हा कवी १९१४ मध्येच निवर्तला. अशा काव्याच्या सान्निध्यात मंद्र स्वरातील काळोख मावळत नाही. परंतु तो इतरांच्या कथेची पार्श्वभूमी न राहता स्वतःच निवेदक होतो. या कन्चेर्टोचे ऐतिहासिक महत्त्व यातच आहे.