रोजच्या भाज्या : सातारा व सांगली जिल्हे

पचन सुरळीत ठेवणाऱ्या आणि रक्तातील मेद आटोक्यात राखण्यास उपयोगी अशा, या दोन जिल्ह्यांत नित्य खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्या, फळभाज्या व शेंगा. कृष्णाकाठच्या मळ्यांत वांगी, मेथी, दोडका, भेंडी पिकतात. माण, खटाव, आटपाडी, जत या पूर्वेकडच्या कमी पावसाच्या तालुक्यांत गवार, मटकी, हरभऱ्याचा पाला आणि करडईची कोवळी पाने यांवर ताट निभावत आले आहे. आरोग्याच्या दृष्टीने हे दुष्काळी ताट मुळीच उणे नाही.

या भाज्यांचा मुख्य गुण त्यांच्या चोथ्यात, म्हणजे तंतूंत आहे. न विरघळणारे तंतू मळ भरीव व मऊ ठेवतात. विरघळणारे तंतू पाण्यात फुगून चिकट होतात आणि आतड्यातील पित्ताम्ले धरून बाहेर नेतात. नवे पित्त तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते, त्यामुळे एलडीएल, म्हणजे वाईट समजले जाणारे कोलेस्टेरॉल, उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी रोज ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत.

कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवडा हे या भागाचे सर्वांत मोलाचे देणे. राजम्याच्या कुळातील या पट्टेदार दाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कडधान्यांवरील २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा कॅनडातील संशोधकांनी २०१४ मध्ये घेतला. त्यात रोज सुमारे १३० ग्रॅम शिजलेली कडधान्ये खाणाऱ्यांचे एलडीएल सरासरी ५ टक्क्यांनी कमी आढळले. घेवडा रात्रभर भिजवून ते पाणी फेकावे. पोटातला वातही त्याने कमी होतो. मग तो खळखळून उकळून पुरता मऊ शिजवावा. अर्धवट शिजलेल्या दाण्यातील लेक्टिनमुळे उलट्या-जुलाब होतात.

गवारीच्या बियांतील गोंदाने कोलेस्टेरॉल उतरते, पण ते दाखवणारे प्रयोग वेगळ्या काढलेल्या भुकटीवरचे आहेत. कोवळ्या शेंगांच्या भाजीकडून तेवढीच अपेक्षा धरू नये. एकाच भाजीला औषध ठरवण्याची हौस येथे सोडलेली बरी.

करण्याची रीत भाजीइतकीच महत्त्वाची. वांगे तेल फार पिते. भरल्या वांग्यावर तेलाचा तवंग आला की उष्मांक भराभर वाढतात. तेच वांगे निखाऱ्यावर भाजून भरीत केले, तर चमचाभर तेलात भागते. ताकातला चाकवत, मूगडाळ घातलेला शेपू, भाकरीबरोबर कच्ची मेथी, मुळा, कांद्याची पात या रीती जुन्या आणि उत्तम आहेत. शेंगदाण्याच्या कुटातील मेद बहुतांशी असंपृक्त असतो. तो बेताने घातल्यास बिघडत नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या भोगीच्या भाजीत वांगी, गाजर, घेवडा, पावटा, ओला हरभरा व तीळ एकत्र येतात आणि सोबत बाजरीची भाकरी असते. तंतूंच्या विविधतेत तिच्या तोडीचा पदार्थ या ताटात दुसरा नाही. ती वर्षातून एकदाच होते, ही खेदाची गोष्ट. हिवाळाभर ती करता येते.

तंतू एकदम वाढवल्यास पोट फुगते. म्हणून प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवावे व पाणी भरपूर प्यावे. रक्त गोठू न देणारे वॉर्फरिन हे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे रोजचे प्रमाण सारखे ठेवावे, कारण त्यांतील ‘के’ जीवनसत्त्व या औषधाचा परिणाम कमी करते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी भाज्यांतील पोटॅशियमबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कोलेस्टेरॉलच्या चालू गोळ्या भाजीच्या भरवशावर बंद करू नयेत.