प्रयोगशाळेतले संशोधन आणि संदर्भांची मोजदाद

वैद्यकीय प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाची योग्यता त्याच्या शोधनिबंधांच्या संख्येवरून आणि इतरांनी दिलेल्या संदर्भांवरून ठरवावी, हे मत आज बरेच रूढ आहे. ते दुबळे नाही. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली संदर्भसूचीची कल्पना मांडली, २००५ साली होर्हे हर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला. दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले, तर हा निर्देशांक दहा. ओळखीपाळखीपेक्षा आकडा बरा, धुळ्याच्या आणि लंडनच्या प्राध्यापकाला एकच माप लागते, असे पूर्वपक्ष म्हणतो. तरीही प्रयोगशाळेच्या विज्ञानाला हे माप लावले की ते तीन ठिकाणी अपुरे पडते.

पहिले ठिकाण, शोधाचा वापर. १९५२ साली मुंबईचे वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या संशोधकांसह ‘लॅन्सेट’मध्ये जेमतेम दोन पानांत एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तोच ‘बॉम्बे’ रक्तगट. या गटाच्या व्यक्तींच्या पेशींवर ‘एच’ हा घटकच नसतो, म्हणून नुसत्या पेशी तपासल्या तर गट ‘ओ’ दिसतो. सिरमची उलट तपासणी करताना ‘ओ’ पेशींच्याही गुठळ्या होतात, तेव्हा खरा प्रकार उघड होतो. तो निसटला आणि ‘ओ’ रक्त चढवले, तर रुग्ण दगावू शकतो. शिंदखेड्यात किंवा दोंडाईच्यात अशा गुठळ्या पाहून थांबणारा तंत्रज्ञ १९५२ चा तो शोधच वापरत असतो. पण तो निबंध लिहीत नाही, त्यामुळे भेंडे यांच्या खात्यावर एकही संदर्भ चढत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिले होते, की ज्ञान सर्वांचे झाले की कर्त्याचा उल्लेख गळून पडतो.

दुसरे, काळ. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली ‘नेचर’मध्ये सिद्ध केले, की पटकीच्या जंतूंपासून वेगळा केलेला, जंतुरहित द्रवही सशाच्या आतड्यात पाणी साठवतो. म्हणजे रोगाचे मूळ जंतूने सोडलेल्या विषात आहे. या निबंधाचे महत्त्व ओळखायला जगाला बरीच वर्षे लागली. १९७८ साली त्यांना नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले, तेव्हा ते निवृत्त झाले होते. बढतीची समिती इतकी वर्षे वाट पाहत नाही.

तिसरे, विषय. संदर्भ किती मिळतील हे त्या विषयावर किती जण लिहितात यावर ठरते, किती जण आजारी आहेत यावर नव्हे. खान्देशातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये संशय आला, तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ठरते. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. तिचे यश अचूक अहवालांवर उभे आहे, आणि अचूक अहवालाला संदर्भ मिळत नाही.

यावर आक्षेप येईल, की आकडा काढून टाकला तर वशिला शिरेल. पण आकडाही माणसेच फुगवतात. स्वतःच्याच निबंधांचे संदर्भ देणे, कामाशिवाय सहलेखक होणे, हे मार्ग सर्वांना ठाऊक आहेत. उलट गारफिल्ड यांचाच दाखला घ्यावा. डे यांच्या निधनानंतर, १९८६ साली, त्यांनी संदर्भांचा आधार घेऊन पटकीच्या संशोधनातले डे यांचे स्थान उलगडून दाखवले. त्यासाठी त्यांनी आकड्याबरोबर कामही पाहिले. मापाचा जनकच ते असे वापरत असेल, तर आपण एकट्या आकड्यावर निवाडा का करावा?

म्हणून उमेदवाराने आपली तीन उत्तम कामे निवडावीत आणि जाणकारांनी ती पूर्ण वाचावीत. त्या कामांमुळे कोणती चाचणी सुधारली, ती पद्धत आणखी कोणत्या लॅबने उचलली, बाहेरच्या गुणवत्ता तपासणीत त्या लॅबचे निकाल कसे आहेत, हे विचारावे. संदर्भसंख्या त्यानंतर पाहावी. बढती फक्त निबंधांवर मिळणार असेल, तर हुशार माणूस नमुन्यापेक्षा निबंधाला वेळ देईल, आणि त्याची किंमत चुकीचा अहवाल हाती पडलेला रुग्ण मोजेल.