तिबेटी निर्वासित : भारतातील घर व जमिनीचे हक्क

१९५९ पासून भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांना मिळालेला निवारा व शेतजमीन आणि त्यांवरील कायदेशीर अधिकार. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारातील कलम १३ स्थावर मालमत्तेबाबत व कलम २१ घरांबाबत निर्वासितांना इतर परकीयांपेक्षा कमी लेखू नये, असे सांगते. भारताने या करारावर सही केलेली नाही. त्यामुळे हे हक्क सरकारी धोरणावर अवलंबून राहिले.

कर्नाटकातील बैलकुप्पे ही वसाहत १९६० पासून जंगल तोडून वसली. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव येथे नोर्ग्येलिंग वसाहत आहे. अशा वसाहतीत कुटुंब मक्याचे शेत पिढ्यान्‌पिढ्या कसते, घर बांधते, अंगणात प्रार्थनापताका लावते; पण त्या जमिनीचे मालक होत नाही. जमीन सरकारचीच राहते आणि ती विकता येत नाही. २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने राज्यांना २० वर्षांचे भाडेपट्टे करून देण्यास सांगितले. कागद हाती येणे ही मोठीच गोष्ट. मात्र पट्टा मुदतीआधी रद्द करण्याची वाट सरकारने मोकळी ठेवली.

२६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने जन्मतः नागरिक ठरतात. तरीही २०१७ मध्ये पारपत्र मागणाऱ्यांना वसाहत सोडण्याची अट घालण्यात आली. नागरिकत्व की राहते घर, अशी निवड करायला लावणे अन्यायकारकच होते.