मी एकही विमान पाडले नाही



१९६६ साली आपण अकरावीची परीक्षा देऊन शाळेबाहेर पडलो. साठ वर्षे झाली. स्मरणिकेसाठी 'तुझ्या हवाई दलातल्या दिवसांवर लिही' असा निरोप आला, तेव्हा आधी एक चूक दुरुस्त करायची ठरवली. मागच्या स्नेहमेळाव्यात आपल्यातल्याच एका मित्राने नातवाला माझी ओळख करून दिली, "याने पाकिस्तानची विमाने पाडली आहेत." पोरगा माझ्याकडे डोळे विस्फारून बघत राहिला. मी नुसता हसलो. तेव्हाच खरे सांगायला हवे होते. मी एकही विमान पाडले नाही. १९७१ चे युद्ध झाले तेव्हा माझे प्रशिक्षणही पुरे झाले नव्हते. पुढची सगळी नोकरी मी मालवाहू विमाने उडवली. पीठ, रॉकेल, तारेची भेंडोळी, औषधे, जवान आणि त्यांची पत्रे वाहून नेली.

हे काही कमीपणाचे नव्हे. फक्त त्याचा इतिहास कोणी फारसा सांगत नाही, म्हणून थोडा सांगतो.

तुम्हाला १९६२ चा ऑक्टोबर आठवत असेल. आपण आठवीत होतो. चौकात रेडिओभोवती मोठी माणसे गप्प उभी असायची. नोव्हेंबरात आपले यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि सगळ्या कराडची मान ताठ झाली. त्याच सुमारास भूगोलाच्या सरांनी भिंतीवरच्या नकाशात वेताच्या छडीने एक ठिपका दाखवला आणि म्हणाले, "हे लेह. हिवाळ्यात इथे जायला रस्ता नाही. विमानच." तो ठिपका माझ्या डोक्यात राहिला. बाकीचे जे झाले ते त्यातून झाले.

लेहला पहिले विमान उतरले ते २४ मे १९४८ रोजी. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा नेले, सोबत जनरल थिमय्या होते. सिंधूकाठच्या वाळूवर सोनम नोरबू या लडाखी इंजिनिअरने स्थानिक लोकांना हाताशी धरून धावपट्टी तयार केली होती. डाकोटात हवेचा दाब राखायची सोय नव्हती, वाटेचे नकाशे धड नव्हते आणि डोंगर विमानाच्या नेहमीच्या उंचीपेक्षा वर होते. तरी ते गेले. टोळीवाले लेहच्या तोंडाशी आले होते. त्या विमानांतून गेलेल्या जवानांमुळे ते गाव वाचले.

१९६२ च्या जुलैत स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट विमान दौलत बेग ओल्डीला उतरवले. ती जागा १६,६०० फुटांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या तिपटीहून जास्त. ऑक्टोबरात एएन-१२ विमानांनी चंदीगडहून चुशूलला हलके रणगाडे नेऊन उतरवले. आपण शाळेच्या मैदानावर कवायत करत होतो तेव्हा हे चालले होते.

याच एएन-१२ वर मी सहवैमानिक म्हणून रुजू झालो. चार पंख्यांचे रशियन धूड. मालाच्या कक्षात हवेचा दाब नसे. चंदीगडहून पहाटे निघायचे, तासाभरात लेहला उतरायचे, माल रिकामा करायचा आणि ऊन चढायच्या आत परत फिरायचे. याचे कारण साधे आहे. लेहची धावपट्टी १०,७०० फुटांच्या आसपास. तिथली हवा मुळात विरळ, ऊन तापले की आणखी विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांची ताकद घटते, त्यात दुपारी दरीत वारा सुटतो. धावपट्टी उताराची, एका टोकाला डोंगर. म्हणून उतरायचे एका दिशेने आणि उडायचे उलट दिशेने. उतरताना चुकले तर दुसरी संधी मिळेलच असे नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितले जाई.

आणखी एक गोष्ट सांगितली जाई, पण हळू आवाजात. मी रुजू होण्याच्या काही वर्षे आधी, ७ फेब्रुवारी १९६८ रोजी, असेच एक एएन-१२ चंदीगडहून लेहला निघाले होते. आत १०२ माणसे. हवा बिघडली म्हणून वैमानिकाने विमान माघारी वळवले आणि रोहतांगच्या आसपास ते नाहीसे झाले. पुष्कळ शोधूनही काही हाती लागले नाही. त्या भागावरून जाताना आमचे कॅप्टन बोलणे थांबवत. मीही पुढे कॅप्टन झाल्यावर तसेच करू लागलो. कोणी शिकवले नव्हते.

१९७६ साली माझे लग्न झाले. बायको इस्लामपूरची. लग्नाआधी तिने विमान आकाशातच पाहिलेले. चोवीस वर्षांत आम्ही सतरा घरे बदलली. काळ्या पत्र्याच्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात माझे नाव आणि हुद्दा. हुद्दा वाढला की आधीचा खरवडून नवा रंगवायचा. त्याच ट्रंकांवर चादर घातली की दिवाण, चौरंग, टेबल सगळे झाले. मुलांच्या सात शाळा झाल्या. त्यांचे मराठी सुटू नये म्हणून बायको कराडहून बालभारतीची पुस्तके मागवायची आणि रोज संध्याकाळी दोघांना घेऊन बसायची. आज माझी लेक मला मराठीत पत्र लिहिते ते आईमुळे. मी त्या वेळी कुठेतरी ढगांची वाट बघत बसलेलो असे.

आता जे कधी कोणाला सांगितले नाही ते लिहितो. १९८२ च्या जानेवारीत मी लेहला अडकलो. बर्फ आणि ढग. चार दिवस एकही विमान हलले नाही. चौथ्या दिवशी दुपारी आभाळ फाटले आणि चंदीगडला परतलो. घराला कुलूप होते. शेजारच्या वहिनींनी किल्ली आणि चिठ्ठी दिली. आई गेल्याची तार मी निघालो त्याच दिवशी आली होती. बायकोने वाट पाहिली नाही. चार वर्षांची लेक आणि दीड वर्षाचा मुलगा घेऊन ती आधी दिल्लीला, तिथून रेल्वेने पुण्याला आणि पुढे एसटीने कराडला गेली होती. त्याआधी ती एकटीने कधी पुण्यापलीकडे गेली नव्हती.

मी पोचलो तो सातवा दिवस. अग्नी धाकट्या भावाने दिला होता. त्या हिवाळ्यात मी शेकडो जवानांना घरची पत्रे पोचवली होती आणि माझ्या घरची तार माझ्यापर्यंत आली नव्हती. अण्णांसमोर बसलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. तेच म्हणाले, "तू नव्हतास, पण घरातले माणूस आले होते. तिने सगळे केले." मग सुनेकडे बघून म्हणाले, "हिला विचार आई शेवटी काय म्हणाली ते. मला नीट ऐकू आले नाही." तीही उशिराच पोचली होती, तिने काही ऐकले नव्हते. पण ती म्हणाली, "तुमची चौकशी करत होत्या, असे जाऊबाई सांगत होत्या." अण्णांनी मान डोलावली. खरे काय होते ते मी तिला आजवर विचारलेले नाही.

पुढे १९८४ साली एएन-३२ विमाने आली, त्याच वर्षी एप्रिलात सियाचीनची मोहीम सुरू झाली आणि आमच्या फेऱ्या वाढल्या. २५ मार्च १९८६ रोजी रशियाहून भारतात आणले जात असलेले एक नवे कोरे एएन-३२ अरबी समुद्रावर सात जणांसह बेपत्ता झाले. आजतागायत त्याचा पत्ता नाही. त्या आठवड्यात आमच्या वसाहतीतल्या बायका एकमेकींच्या घरी उगाच जाऊन बसत. चहा करत आणि विमानांविषयी सोडून सगळे बोलत.

२००० साली विंग कमांडर म्हणून निवृत्त झालो आणि पुण्यात घर घेतले, हे अठरावे. २००३ साली बातमी आली की गिर्यारोहकांच्या एका तुकडीला लाहौल भागातल्या ढाका हिमनदीवर १९६८ च्या त्या विमानाचे अवशेष सापडले. बायकोने बातमी दोनदा वाचली, कात्रण कापले आणि माझ्या जुन्या लॉगबुकात ठेवले. २०२४ च्या सप्टेंबरअखेर आणखी चार जवानांचे देह मिळाले. त्यातला केरळचा एक अवघा बावीस वर्षांचा होता. छप्पन्न वर्षांनी त्याच्या घरच्यांनी त्याला निरोप दिला. तेही कात्रण तिने त्याच वहीत ठेवले. तेव्हा पहिल्यांदाच ती म्हणाली, "मी रोज सकाळी आवाज मोजायची. एक जाताना, एक येताना. दुसरा आला की कणीक भिजवायची."

मला हे माहीत नव्हते. हजारो तासांची नोंद माझ्या लॉगबुकात आहे, ही नोंद त्यात नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

भूगोलाचे सर आता नाहीत. छडीने दाखवलेल्या त्या ठिपक्यावर मी किती वेळा उतरलो, हे त्यांना एकदा सांगायचे राहून गेले. त्या मित्राला मात्र विनंती आहे, यंदाच्या मेळाव्याला नातवाला घेऊन ये. मी लॉगबुक आणतो आणि बायकोलाही आणतो. काय वाहिले ते मी सांगेन. कणकेची गोष्ट त्याने तिलाच विचारावी.