बोरघाटाच्या पाटीवर कॅप्टनचं नाव होतं, मग धनगराचं देऊळ कसं झालं?

मुंबईहून जुन्या हायवेने पुण्याला निघालात, की खोपोली सोडल्यावर घाटात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ड्रायव्हर लोक इथे गाडी हळू करतात, खिडकीतून नाणं टाकतात, हात जोडतात आणि पुढच्या वळणाला लागतात. एक्स्प्रेसवेने जाणाऱ्यांना मात्र हे देऊळ लागत नाही.

हा शिंग्रोबा कोण? तर एक धनगर. लोक सांगतात ते असं. इंग्रजांना मुंबई-पुणे जोडायचं होतं, पण त्यांच्या इंजिनिअरांना डोंगरातून वाट सापडेना. मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या शिंग्रोबाने ती दाखवली. साहेब खूश होऊन म्हणाला, बक्षीस माग. हा म्हणाला, आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या. साहेबाने त्याला गोळी घातली. कुणी ही गोष्ट रस्त्याची म्हणून सांगतं, तर कुणी रेल्वेची.

ही झाली लोककथा. पण तिच्यातली एक गोष्ट खरी आहे: साहेब येण्याआधी इथे वाट होतीच. घाट चढून लोणावळ्याच्या पुढे गेलं की कार्ल्याची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातली बंदरं आणि देशावरचे बाजार जोडणाऱ्या वाटेवर ती कोरली गेली. तिथल्या ब्राह्मी लेखांत ज्यांनी दान दिलं त्यांची नावं आहेत. त्यात वैजयंतीचा एक शेठ आहे, धेनुकाकट गावचा सुगंधी द्रव्यं विकणारा आहे, एक सुतारसुद्धा आहे. यवनही आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी सुताराचं नाव दगडावर येत होतं!

आता १८३० मध्ये या. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात कॅप्टन ह्यूजने घाटात गाडीरस्ता बांधला. त्याच वर्षी उद्घाटन झालं आणि तशी पाटीही बसली. पाटीवर नावं दोनच, कॅप्टनचं आणि गव्हर्नरचं. दगड फोडणारे, माती वाहणारे कुठेच नाहीत.

याच रस्त्यावरचा पूल पुढे वेदनाशामक बामच्या जाहिरातीमुळे 'अमृतांजन पूल' झाला. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमुळे रस्ता रिकामा असताना, तो स्फोटकं लावून पाडला. नाव मात्र अजून लोकांच्या तोंडी आहे.

रेल्वेचंही तेच. घाटातलं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला संपलं. ऐन भरात ४० हजारांहून जास्त मजूर राबत होते. कॉलरा, ताप आणि अपघातांनी हजारो गेले. इतिहासात नाव राहिलं ते ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेलचं. तो आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि पुढचा ठेका त्याच्या बायकोने, ॲलिसने, पुरा करवून घेतला. (तिच्यावर खरंतर वेगळा लेख व्हायला हवा.)

२००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण खुला झाला आणि जुन्या रस्त्यावरची बरीच गर्दी तिकडे वळली. पण एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे चैत्रात कोकणातले आगरी-कोळी बांधव कार्ल्याच्या एकविरा आईला निघतात, तेव्हा बाईकवाल्यांना जुना घाटच धरावा लागतो, आणि वाटेत शिंग्रोबा लागतो.