दवाखान्याचा उंबरठा

वैद्यकीय हयगयीविषयीचा आपल्या देशातला कायदा ज्या निकालावर उभा आहे, त्याची सुरुवात कोकणातल्या वाळूत झाली. १९५३ सालच्या मे महिन्याची ६ तारीख. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर अपघात होऊन विशीतल्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला व त्याला पुण्यास नेण्यास सांगितले. रात्री १ वाजता निघालेली टॅक्सी सुमारे २०० मैल तोडून ९ तारखेस साडेअकराला पुण्यात पोहोचली. सव्वादोनला मुलगा एका शस्त्रवैद्याच्या इस्पितळात दाखल झाला. साडेपाचला पाय प्लास्टरमध्ये घालून त्याला खोलीत आणले. तासाभराने आईच्या ध्यानात आले, की मुलाला श्वास घेणे जड जात आहे. रात्री ९ वाजता तो गेला.

मेदाचे कण रक्तवाहिनीत अडकल्याने मृत्यू आला, असे दाखल्यात लिहिले होते. वडिलांना ते पटले नाही. ते स्वतः दौंडला वैद्यकीचा व्यवसाय करीत. ही गोष्ट लहान नव्हे! मॉर्फियाचे एक इंजेक्शन आणि पूर्ण भूल यांतला फरक कळणारा बाप किती घरांत असतो? एरवी हा दाखला पेटीत पडून राहिला असता. त्यांनी दावा लावला. पूर्ण भूल न देता, माणसांकरवी पाय जोराने ओढून हाड बसविले आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. भरपाई ठरली ३,००० रुपये. शस्त्रवैद्यांचे अपील सर्वोच्च न्यायालयाने २ मे १९६८ रोजी फेटाळले. पंधरा वर्षे गेली होती.

‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या नावाने वकीलमंडळी ओळखतात तो हाच निकाल. वैद्याची तीन कर्तव्ये त्यात सांगितली आहेत: रोगी हाती घ्यावा की नाही हे विचारपूर्वक ठरविणे, कोणता उपचार करावा हे ठरविणे, आणि तो उपचार काळजीने करणे. मांडणी स्वच्छ आहे. पण माझ्या मते तिच्यात एक पोकळी राहिली. रोगी हाती घेतलाच नाही तर? दारातूनच परत पाठविणाऱ्याकडे जाब कोणी मागावयाचा?

ही पोकळी भरावयास आणखी वीसएक वर्षे लागली. मोटारीने उडविलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने ‘हे पोलिसी प्रकरण’ म्हणून २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठविले, आणि तो वाटेतच मेला. ही वर्तमानपत्रातली हकीकत परमानंद कटारा यांच्या याचिकेतून न्यायालयापुढे आली. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टराने आधी जीव वाचवावा, पोलिसी सोपस्कार मागून, असे १९८९ साली ठरले.

तरीही १९९२ सालच्या जुलैत पश्चिम बंगालमध्ये आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेला एक शेतमजूर एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत राहिला. कोठे साधने नव्हती, कोठे खाट नव्हती. अखेर कलकत्त्याच्या एका खाजगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये खर्चून तो वाचला. १९९६ साली न्यायालयाने त्याला २५,००० रुपये देवविले व वेळेवर उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग होय, असे म्हटले. सरकारची पैशाची अडचण ऐकून घेतली नाही. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोठ्या रुग्णालयात रोग्याला नेण्यासाठी साधने व माणसे असलेली रुग्णवाहिका हवी, असेही बजावले. पालशेतच्या मुलाच्या दाव्यात त्या टॅक्सीबद्दल कोणालाच जबाब द्यावा लागला नव्हता.